घोटीत एक, मनमाडला दुसरं

शोभा,

परवा तुझा तेरावा झाला. पंगतीत तुझ्या धाकट्या जावेने मला आग्रह करून दुसरा लाडू वाढला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणजे ताईंचा उजवा हात होतात." मी लाडू मोडला आणि पानाच्या कडेला सारला. नाशिक जिल्ह्याच्या प्रचार समितीची प्रमुख मी. सभा कुठे, कधी, कोण बोलणार हे ठरवणारी मी. तू माझ्या यादीतली एक वक्ता. आणि तुझ्या घरात मीच तुझा उजवा हात!

पक्षाच्या कार्यालयातून निरोप आला आहे, "शोभाताईंच्या कार्यावर दोन परिच्छेद द्या, मासिकात लावतो." ते मी देईन. तुझी पदं, तुझा आजार, 'पक्षाची न भरून येणारी हानी', सगळं त्यात येईल. हे लिहिते आहे ते त्यासाठी नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून लिहिते आहे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मला तुझा हेवा वाटतो. 'वाटायचा' असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. तू गेल्यावर तो कमी व्हायला हवा होता, उलट वाढलाच आहे.

तुझ्या अंत्ययात्रेला मखमलाबादचा रस्ता भरला होता. पेठकडून, सुरगाण्याकडून बाया आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणी माझ्या गळ्यात पडून रडल्या. "आता आमचं कोण हो ताई?" असं मला विचारत होत्या. मला! मी तिथेच उभी होते की त्यांच्यासमोर, धडधाकट. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात येत होतं, उद्या मी गेले तर ह्यांच्यातल्या किती येतील? अशा वेळी असं मनात येऊ नये, हे मलाही कळतं. पण आलं.

आपण दोघी बरोबरच पक्षात आलो. तुझ्या सासरी फुलांची शेती, माझ्या माहेरी म्हसरूळला भाजीची. तू पहाटे फुलबाजारात शेवंती विकायचीस, मी पंचवटीत मेथीच्या जुड्या. पदर खोचून ओरडायची सवय दोघींनाही. शिक्षण दोघींचं बारावी. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोकांना गोष्टी करायला आवडतात. तू मातीतली आणि मी कुणी शहरातली कागदी बाई, अशी गोष्ट आत्ताच तयार व्हायला लागली आहे. माती दोघींच्याही नखांत सारखीच होती.

फरक स्टेजवर पडला. तू स्टेजवर बसायचीस ती मांडीवर फुलांची पिशवी घेऊन. पाहुण्यांचे हार तुझ्याच मळ्यातून यायचे आणि निम्मे हार स्टेजवर बसूनच ओवले जायचे. मुंबईहून आलेला नेता घसा खरवडून बोलत असला तरी तुझी सुई चालू. अध्यक्षसाहेब आधी रागावले, "ताई, सभेची काही शिस्त असते." तू म्हणालीस, "साहेब, तुमचाच हार हाय." मग त्यांनी नाद सोडला. पुढे पुढे तर लोक सभेला आले की आधी बघायचे, शोभाताई ओवायला बसल्यात का.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. कुणी खरोखर चांगलं बोलायला लागलं की तुझे हात थांबायचे. सुई फुलात अर्धी, दोरा लोंबतो आहे आणि तू ऐकते आहेस. तोंडाने तू कुणाची स्तुती केलेली मला आठवत नाही. हात थांबले की समजायचं. लासलगावच्या त्या तरुण वकिलासाठी थांबले होते. मनमाडच्या त्या रेल्वेतल्या कामगारासाठी थांबले होते, जो नीट बोलतही नव्हता, नुसता थरथरत होता. माझ्यासाठी कधी थांबले नाहीत. मी माईकपाशी कागद वाचायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्याकडे बघायचे. तुझी सुई आपली चालूच.

आणि तुझी ती बोलायची रीत! सभेच्या गावात शिरायच्या आधी तू जीप थांबवायचीस. "कुंदे, तू बस, मी आलेच." मग हापशावर, टपरीवर, कुठे कांदा भरत असतील तिथे जाऊन जी पहिली बाई भेटेल तिला विचारायचीस, "काय चाललंय?" बस, एवढंच. मी जीपमध्ये घड्याळ बघत, मांडीवर मुद्द्यांचा कागद. तू परत यायचीस ती भाषणाचं पहिलं वाक्य घेऊनच. वणीला एकदा स्टेजवर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गडावर नवस फेडायला येणाऱ्यांसाठी रस्ता झाला. गडाखालच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला मात्र नाय झाला." सभा तुझी झाली. तुझ्यानंतर मी महागाई, बेरोजगारी, शिक्षण असे मुद्दे क्रमाने मांडले. लोक उठून गेले नाहीत, एवढंच म्हणता येईल.

परतताना ढाब्यावर आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचे, "वणीत रस्ता, सटाण्यात डाळिंब, घोटीत भात. अगं, पक्षाचं म्हणणं काय, हे लोकांना कधी कळायचं?"

"लोकांचं म्हणणं पक्षाला कळलं तरी बास हाय."

"तसं नाही शोभा. देशात निवडणूक आहे. देशाला एक सांगणं लागतं."

एकदा ह्यावर तू ताटातल्या पनीरकडे बोट दाखवलं होतंस. "हे बघ. ह्यांच्याकडं एकच लाल ग्रेव्ही असती. पनीर टाकलं की पनीर मसाला, काजू टाकला की काजूकरी. दिल्लीवाल्यांचं तुझं एक सांगणं म्हणजे ही ग्रेव्ही. लोकांना चवीवरून कळतं गं."

ड्रायव्हर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी म्हणाले, "निदान ग्रेव्ही तरी असते. आपल्याकडे प्रत्येक टेबलाला वेगळा आचारी आहे आणि एकाला दुसऱ्याचं मीठ ठाऊक नाही." ह्यावर मात्र कुणी हसलं नाही. मला तुझ्या विनोदाचा हेवा वाटला आणि माझ्या मुद्द्याची दया आली, कारण मुद्दा माझाच बरोबर होता.

अजूनही आहे. मेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात, पण तू जिवंत असताना मला पुरतं बोलू दिलं नाहीस, आता ऐक. पूर्वी घोटीत बोललेलं घोटीतच राहायचं. वक्ता गेला, धुरळा बसला, संपलं. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. इथला आपला नेता म्हणतो कांद्याला भाव देऊ, तिकडे दुसऱ्या राज्यातला आपलाच नेता म्हणतो कांदा स्वस्त करू. एक म्हणतो जमिनी देणार नाही, दुसरा म्हणतो कारखाने आणू. दोघेही आपापल्या जागी टाळ्या घेतात आणि संध्याकाळी दोघेही एकाच फोनमध्ये शेजारी शेजारी दिसतात. बघणारा असं म्हणत नाही की ह्या पक्षाकडे किती परीचे लोक आहेत. तो म्हणतो, ह्यांचं ह्यांनाच ठरलेलं नाही, हे देश काय चालवणार. मत देणारा माणूस वचनाला भुलतो हे खरं, पण त्याआधी तो एवढं बघतो की हे लोक एकमेकांशी बोलतात तरी का. म्हणून निवडणुकीच्या आधी, पहिली सभा व्हायच्या आधी, एकत्र बसून एक म्हणणं ठरवायला लागतं. कोणत्याही गावात मान वर करून सांगता येईल असं. मागच्या वेळी आपल्याकडे दिल्लीहून मुद्द्यांचा कागद आला तो निम्मा प्रचार झाल्यावर, तोही हिंदीत. मी त्याचं मराठी करून छायाप्रती काढल्या आणि गावोगाव वाटल्या. तुझ्या प्रतीत तू फुलं बांधलीस.

आणि मग व्हायचं तेच झालं. घोटीच्या सभेत तू म्हणालीस, "तुमच्या डोंगरात पाऊस पडतो, धरण तुमच्या दारात. आधी तुमच्या हंड्यात पाणी, मग बाकीच्यांचं." टाळ्या. चार दिवसांनी मनमाडला म्हणालीस, "इगतपुरीच्या डोंगरात एवढं पाणी हाय, ते पाइपातनं तुमच्या दारात आणू." टाळ्या. दोन्हीकडे तू गावाबाहेर उतरली होतीस, दोन्हीकडे खऱ्या बाईने खरं दुखणं सांगितलं होतं. दोन्हीकडे तू मनापासून बोललीस. आणि विरोधकांनी दोन्ही तुकडे जोडून फोनवर सोडले. डावीकडे घोटीची तू, उजवीकडे मनमाडची तू, साडी तीच, मधे प्रश्नचिन्ह. आपले दोन्हीकडचे उमेदवार पडले.

मला वाटलं, आता तरी माझं म्हणणं पटेल. आता लोक तुझ्यावर चिडतील. झालं काय? कार्यालयात जो तो तुझ्याच खांद्यावर हात ठेवून गेला. "ताई, मनाला लावून घेऊ नका, राजकारणात चालतं." चूक तुझी आणि सांत्वनही तुलाच. मी कोपऱ्यात उभी राहून चहाचे कप मोजल्यासारखं करत होते. 'कुंदाताई आधीपासून सांगत होत्या' एवढं एक वाक्य म्हणायला कुणाचं काय जात होतं? तूसुद्धा म्हणाली नाहीस. अध्यक्षसाहेबांनी तुला काही महिने सभा घ्यायला मनाई केली, तेव्हा तू नुसती मान हलवलीस आणि घरी निघून गेलीस. त्या काळात तू काय करत होतीस, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मळ्यात असशील.

मग तुझा आजार. दवाखान्यात मी डबा घेऊन यायचे. तुझ्या हाताला नळ्या, फुलं नाहीत, सुई नाही. ते हात तसे पडलेले मला बघवायचे नाहीत, म्हणून मी राजकारणच बोलायचे. त्या दिवशीही तेच चाललं होतं. मी म्हणाले, "ह्या निवडणुकीला तरी वरून एक पक्कं सांगणं यायला हवं, नाहीतर पुन्हा घोटीत एक आणि मनमाडला दुसरं."

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बरं. एक सांगणं पाहिजे. मान्य."

मी उडालेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान्य!

"मग तुझं एक सांगणं कोणतं, सांग."

"माझं काय? ते वर ठरतं."

"वर ठरतं, तर मग तू खाली काय करतीयेस, कुंदे?"

शोभा, एवढं लागलं ते मला. आजारी माणसावर रागवायचं नाही म्हणून मी डबा स्टुलावर ठेवला आणि निघाले. दारापर्यंत गेल्यावर तू म्हणालीस, "बरी झाले की तुला मनमाडला नेते. एक गंमत दाखवते."

"मला वेळ नाही," मी म्हणाले. तेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. पुढच्या वेळी आले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. ती गंमत काय, ह्याचा मी विचारही केला नाही. कुठला तरी भेळवाला असेल असं वाटलं.

तू गेल्याच्या आठवड्यातच पक्षाने शोकसभा घेतली. तुझ्या फोटोला शेवंतीचा हार होता, तुझ्याच मळ्यातल्या, तुझ्या जावेने ओवलेला. अध्यक्षसाहेब बोलले, मी बोलले. मी चांगलं बोलले, असं नंतर लोक म्हणाले. मग रिक्षातून दोन बाया उतरून आत आल्या. एक हिराबाई, घोटीच्या वरच्या अंगाला डोंगरात जो पाडा आहे तिथली. दुसरी मुमताजभाभी, मनमाडची, नवरा रेल्वेत. एक एका बाजूच्या गाडीने आली, दुसरी दुसऱ्या बाजूच्या, आणि नाशिकरोडला एकमेकींची वाट बघून एकाच रिक्षात बसल्या. दोघी हातात हात घालून उभ्या. मला कळेना, ह्यांची ओळख कशी? ज्या पाण्यावरून तू पक्षाला बुडवलंस त्या पाण्याची ही दोन टोकं.

माईक हिराबाईने घेतला. "ती फोनवरली किलिप आली तवा आमच्या पाड्यावरच्या बाया लय चिडल्या. आमचं पाणी मनमाडला देत्यात म्हंजे काय? मंग एक दिस शोभाआक्का एकट्याच आल्या. आमी लय बोललो त्यांना. त्यांनी समदं ऐकून घेतलं. म्हनल्या, माझं चुकलं. पर तुमी मनमाड पाह्यलंय का? आमी म्हनलं, नाय. म्हनल्या, मंग चला."

तू तिला आणि आणखी दोघींना गाडीत बसवून मनमाडला नेलंस. मुमताजभाभीच्या घरी. ती सांगायला लागली, "मी ह्यांच्यासमोर पाण्याच्या ड्रमचं कुलूप काढलं, चहा टाकला. तर ह्या एकदम बघतच राहिल्या. पानी को ताला? मी म्हटलं, और क्या, आमच्याकडे नळाला कधी येतं ते खुदा जाणे. तुमचं बरं आहे, तुमच्याकडे धरण आहे. तर ह्या हसायलाच लागल्या."

"हसू नाय तर काय करू?" हिराबाई म्हणाली. "धरण समोर चकाकतंय, अन चैतात आमी हंडा घिऊन विहिरीत उतरतो. आमच्या सूनबाईचा पाय मोडला उतरताना. मी म्हनलं, बाई, आमाला वाटलं तुमी आमचं पाणी पिऊन ऱ्हायल्या, तुमाला वाटलं आमी."

"तेव्हा शोभाताईंनी चहा संपवला," मुमताजभाभी म्हणाली. "कप खाली ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, हिच्याकडंही नाय, तिच्याकडंही नाय. मग गेलं कुठं?"

सभागृहात सगळ्यांचे डोळे तुझ्या फोटोकडे वळले. मी मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. ते वाक्य, शोभा! घोटीत सांगता येईल आणि मनमाडलाही सांगता येईल, शेजारी शेजारी लावलं तरी फिकं पडणार नाही, उलट जोर येईल. जे मी दिल्लीकडून मागत होते, मुंबईकडून मागत होते, ते तू एका चहात करून ठेवलं होतंस. माझं काम. तेही पक्षाने तुला बोलायची बंदी घातलेली असताना. मला हुंदका आला, आणि त्यात अर्धा संताप होता.

खाली उतरल्यावर हिराबाईने मला विचारलं, "तुमीच कुंदाताई ना? आक्का म्हनायच्या, आमच्या कुंदीला आनते एकदा. तिला लय दिस झालं असंच एक वाक्य पायजे हाय, सगळीकडं चालंल असं. तिच्यासाठी शोधतीये म्हनल्या."

माझ्यासाठी. तू माझ्या बाजूने काम करत होतीस आणि तोंडावर मला ग्रेव्ही म्हणत होतीस. मला उपकार नको होते गं. मला तुझ्याशी भांडून जिंकायचं होतं. तू आपणहून हरायला निघालीस, तेही इतकं सुंदर, की त्याचाही मला हेवा वाटला. त्या रात्री मला तुझी पहिल्यांदा खरी आठवण आली, म्हणजे पोटातून. मी दारात तुला म्हणाले होते, मला वेळ नाही.

दुसऱ्याच दिवशी मुंबईहून पक्षाचा फोन. ह्या वेळी दिल्लीने खरंच मनावर घेतलं आहे. एकही सभा होण्याआधी देशभरासाठी एकच म्हणणं ठरणार, आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्याकडून एक सुचवायचं. "कुंदाताई, तुम्ही हे किती वर्षं सांगताय. तुमच्याकडून तर यायलाच पाहिजे." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा फोन. आणि माझ्याकडे काय होतं? एक वाक्य, तेही तुझं.

मी स्वतःचं करायला बसले. विकास, सन्मान, हक्क, विश्वास असे शब्द घेऊन किती जोडले. वाचून बघितलं की तुझा आवाज यायचा, ग्रेव्ही गं. शेवटी सकाळी पंचवटीच्या बाजारात गेले. तुझ्यासारखं करायचं नव्हतं, पण पाय तिकडेच गेले. कांदे विकणाऱ्याला म्हटलं, काय चाललंय? तो म्हणाला, वणीकडचा माल आहे, शेतकरी रडत गेला. शेजारी एक बाई पाव किलो कांदा घेत होती, ती म्हणाली, मी पण रडतेच आहे भाऊ, पूर्वी किलोने घ्यायचे. आणि मला एकदम दिसलं. पाणी नुसतं पाणी नव्हतंच. पिकवणाऱ्याच्या हाती नाही, खाणाऱ्याच्या ताटात नाही. शिकलेल्या पोराला नोकरी नाही आणि शाळेत शिक्षक नाही. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं एकमेकांकडे संशयाने बघत उभी आहेत आणि दोघांचेही हात रिकामे. तुझं वाक्य कांद्याच्या देशातही चालेल, पाण्याच्या देशातही. मी मुंबईला पाठवलं, "ह्याच्याकडेही नाही, त्याच्याकडेही नाही, मग गेलं कुठे?" सुचवणाऱ्याचं नाव लिहा, अशी जागा होती. तिथे 'नाशिक जिल्हा' लिहिलं. तुझं नाव लिहायला मन धजेना आणि माझं लिहायला हात. उत्तर अजून आलेलं नाही. दिल्ली काय ठरवेल कुणास ठाऊक.

काल घोटीत कार्यकर्त्यांचा मेळावा होता. तुझ्याशिवायचा पहिला. बाजाराचा दिवस होता, भाताची पोती रचलेल्या दुकानांपुढे मांडव. तुझी खुर्ची कुणी काढली नव्हती, माझ्या डाव्या हाताला रिकामी ठेवली होती. मी उभी राहिले. कागद होता, पण तो मी पर्समध्येच ठेवला. पहिलंच वाक्य तुझं घेतलं. "तुमच्याकडंही पाणी नाही, मनमाडकडंही नाही. मग गेलं कुठं?"

पुढच्याच रांगेत हिराबाई बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "ताई, हे आक्कांनी सांगितलंय आमाला. पुढचं सांगा."

मागून आणखी दोघी-तिघी, "हां, पुढचं सांगा."

पुढचं तर तू सांगितलंच नव्हतंस. ते तुझ्याजवळ होतं की नव्हतं, कोण जाणे. मनमाडला नेऊन तू मला तेच विचारणार होतीस का? मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. नेहमीची सवय. आणि मग मला तुझ्या हिराबाईची आणि मुमताजभाभीची ती रिक्षा आठवली. एक इकडून, एक तिकडून, आणि नाशिकरोडला एकमेकींसाठी थांबलेल्या.

मी म्हणाले, "पुढचं हे, की हा प्रश्न घोटीने एकटीने विचारायचा नाही. तुम्ही इकडच्या गाडीत बसा, मनमाडच्या बाया तिकडच्या गाडीत बसतील. मधे नाशिक आहे. तिथे दोघी मिळून कलेक्टरसाहेबांच्या दारात उभ्या राहू आणि एका आवाजात विचारू. घोटीत एक आणि मनमाडला दुसरं, असं आता कुणी आपल्या तोंडून काढून दाखवायचं नाही. एकच. आणि दिल्लीला वाटलं तर दिल्लीने ते आपल्याकडून घ्यावं."

हे माझं होतं, शोभा. तुझं नव्हतं. माझं पहिलं. हिराबाई उठून उभी राहिली, "मी येती!" आणि मग सगळा मांडव. टाळ्या अशा वाजल्या की बाहेर पोत्यांवर बसलेले हमाल आत डोकावले. मला आयुष्यात तशा टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. अध्यक्षसाहेब माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाले, मला ऐकूही आलं नाही.

मी डावीकडे बघत होते. खुर्चीवर कुणी तरी शेवंतीचा एक हार नुसता ठेवला होता, सुई काढून, गाठ मारून पुरा केलेला. टाळ्या मला नकोच होत्या गं. मला तुझे हात थांबलेले बघायचे होते.